देवळाच्या शेजारी रिसॉर्ट चालवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीपुळ्याच्या उत्तरेला समुद्राकडे तोंड करून तुमचं 22 खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहिलं आहे. दर चढे आहेत, खोल्या उत्तम आहेत, जेवणाबद्दल तक्रार नाही. रिसॉर्टपासून चालत जाण्याच्या अंतरावर देवराईत एक पडझड झालेलं जुनं शिवमंदिर आहे, भोवती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, आहेत. जाहिरातीत तुम्ही त्याचाच फोटो सगळ्यांत मोठा लावलात. पण पाहुणे तिथे जाऊन दहा मिनिटांत परत येतात आणि ‘बघण्यासारखं काही नाही’ असा शेरा देऊन निघून जातात. एका इव्हेंटवाल्याने त्या भग्न मंडपात मेणबत्त्या लावून खास जेवण ठेवायची कल्पना दिली आहे. गावातली मंडळी मात्र हल्ली जरा तुटक बोलू लागली आहेत. आता काय करावं, असं तुम्ही विचारता.

कोकणच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची व्यवस्था बघण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

मंडपातल्या जेवणाला आजच नकार कळवा. विचार करतो, बघतो असं नको, सरळ नाही म्हणा. मेणाचे ओघळ आणि काजळी दगडात मुरतात, ती नंतर निघत नाहीत, आणि काढायला जे घासाल त्याने कोरीवकाम झिजतं. लोखंडी पायांच्या खुर्च्या, जनरेटरची धडधड, दिव्यांसाठी खांबांना गुंडाळलेल्या तारा, यातलं काहीही शेकडो वर्षांच्या सुट्या दगडांना मानवणारं नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की शिखर पडलं, मूर्ती भंगली, म्हणून कोकणात देऊळ संपत नाही. तुम्हाला ओसाड वाटणाऱ्या त्या जागी महाशिवरात्रीला कोणीतरी दिवा लावतं. शिमग्यात पालखी तिथवर जाऊन येत असेल, एखाद्या घराण्याचा तिथे मान असेल, लग्नाची पहिली पत्रिका तिथे ठेवली जात असेल. तुम्ही चौकशी केलीत का? गावची मंडळी तुटक का झाली, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते देऊळ म्हणजे तुमच्या रिसॉर्टची सोय नव्हे. ते गावाचं आहे आणि तुम्ही शेजारी राहायला आला आहात. शेजारधर्म नीट पाळलात तर पाहुण्यांचा अनुभव सुधारतो, आणि तो बहुतेक पैसे खर्च न करता सुधारतो. आता बाकीचं सगळं याच धाग्याने सांगतो.

आधी ती दहा मिनिटं. तुमचे पाहुणे साडेनऊला नाश्त्याला बसतात, अकराला उठतात, साडेअकराला बग्गीवाला त्यांना देवराईच्या तोंडाशी सोडतो. ऊन डोक्यावर आलेलं असतं. त्या उजेडात झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं, कारण सावलीच पडत नाही. चपला काढल्या की तापलेल्या काळ्या दगडावर पाय ठरत नाही. सांगायला कोणी नाही, बसायला जागा नाही. डोक्यात चित्र असतं ड्रोनने काढलेल्या फोटोचं किंवा हंपी-वेरूळचं. मी असतो तरी दहा मिनिटांत परतलो असतो.

तेच देऊळ सकाळी पाहा. कोवळं ऊन तिरकं पडतं तेव्हा वीरगळावरच्या घोड्याचा लगाम उठून दिसतो, चौकटीवरच्या वेलीचं एकेक पान मोजता येतं. पण नेमकी वेळ कोणती, हे मी इथून सांगू शकणार नाही, कारण तुमचं देऊळ झाडीत आहे. ऐन, किंजळ, सातवीण यांच्या दाटीतून ऊन खाली कधी पोचतं, कुठल्या दगडावर पडतं, ते प्रत्येक जागी निराळं असतं आणि महिन्यागणिक बदलतं. तुमच्या एखाद्या चौकस मुलाला आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तिथे बसवा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. त्या टिपणावरून फेरीची वेळ ठरवा, नाश्त्याच्या वेळेवरून नको. पहाटे चहा आणि हातात धरून खाता येईल असं काही एवढं द्यायचं, बाकी नाश्ता परत आल्यावर. तुमच्या किचनला हे सुरुवातीला जड जाईल, पण पाहुणा एकदा त्या उजेडात उभा राहिला की उशिराच्या नाश्त्याबद्दल त्याची तक्रार येत नाही.

आणि वेबसाइटवरचा तो फोटो बदला. वरून घेतलेल्या फोटोत देऊळ अवाढव्य वाटतं. माणूस शेजारी उभा असलेला, खऱ्या आकाराचा अंदाज देणारा फोटो लावा. चेक-इनच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने स्पष्ट सांगावं की देऊळ लहान आहे, पडलेलं आहे, पण सवडीने पाहिलंत तर आवडेल. खरं सांगितल्यावर चार लोक जाणार नाहीत, आणि जे जातील ते बघायला म्हणून जातील.

आता सांगणारा माणूस. या एका बाबतीत तुम्ही हात आखडता घेऊ नका. बाहेरून आणलेला, पाठ केलेलं घडाघडा म्हणणारा गाइड नको. गुरवाच्या घरातला एखादा मुलगा, निवृत्त शाळामास्तर, गावात राहिलेली आणि वाचनाची आवड असलेली एखादी सून, असं कोणी शोधा. त्यांना मानधन नाही, नियमित पगार द्या. माझ्या पाहण्यात सर्वांत चांगलं देऊळ दाखवलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. घाई नाही, आवाज चढवणं नाही. आधी पाहुण्यांना स्वतः बघू द्यायच्या, मग विचारायच्या, ‘काय काय दिसलं?’ आणि जे त्यांना दिसलं तिथूनच बोलायला सुरुवात करायच्या.

वीरगळ कसा दाखवायचा, हे त्यांचंच बघून मी बाकीच्यांना शिकवत आलो. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई असते, पडलेला वीर असतो. कधी शेजारी गाई दिसतात, म्हणजे गोधन वाचवताना तो गेला. किनाऱ्यावर क्वचित लढाऊ जहाजंही कोरलेली सापडतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चाललेल्या असतात. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. एवढं सांगून बाई थांबायच्या आणि शेजारच्या दुसऱ्या वीरगळाकडे बोट करून म्हणायच्या, ‘हा आता तुम्ही वाचा.’ मोठमोठ्या कंपन्यांत बसणारी माणसं गुडघ्यावर बसून, एकमेकांना दाखवत तो दगड वाचायची. अर्धा तास तिथेच जायचा. दहा मिनिटांचा प्रश्न तुमच्याकडेही असाच सुटेल.

मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला काम द्या. रंगमंडपातलं कासव कुठे आहे, उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे का, ललाटावर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या माथ्यावर मधोमध, कोण बसलंय, कोपऱ्यातला हात वर केलेला, बांगड्या भरलेला दगड कोणता. हा शेवटचा म्हणजे सतीशिळा. तिच्याबद्दल मुलांना काय आणि किती सांगायचं हे आईबापांना विचारून ठरवावं.

तीच काळजी गद्धेगाळ असेल तर. शिलाहार राजांच्या काळात कोकणात जमिनीचं दान दिलं की असा दगड रोवायची पद्धत होती: वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचं चित्र. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, शापवाणी आहे. अलिबागजवळ आक्षीचा शके 934 म्हणजे 1012 सालचा मराठीतला लेख प्रसिद्ध आहे, तोही अशाच दगडावरचा. काही गाइड हा दगड दाखवताना डोळे मिचकावतात. ते चालू देऊ नका. हजार वर्षांपूर्वी जमिनीचा हक्क राखायला लोकांनी काय केलं, असं सरळ शब्दांत सांगितलं की घरातली सगळी माणसं एकत्र उभी राहून ऐकतात, कोणाला अवघडायला होत नाही.

सांगणाऱ्याला एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लावा. दगड काय सांगतो, कागदपत्रं काय सांगतात आणि गाव काय सांगतं, या तीन गोष्टी त्याने वेगवेगळ्या ठेवाव्यात. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा लेख आहे, म्हणून ते 1060 सालचं असं ठामपणे म्हणता येतं. तुमच्या देवळावर लेख नसेल तर शतक ठोकून देऊ नये, आणि ‘पाच हजार वर्षं जुनं’ हे तर कोणाच्या तोंडून येताच कामा नये. पाहुण्यांत एखादा जाणकार असतोच, त्याला ते ऐकून वाईट वाटतं आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. दुसरीकडे, ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ या गावच्या कथेला हसायचं नाही. कोकणात अर्ध्याअधिक जुन्या देवळांबद्दल ही कथा आहे. ‘गावात असं सांगतात’ एवढं जोडलं की ती कथा तिच्या जागी शोभते. जमलं तर ती एखाद्या म्हाताऱ्या गावकऱ्याच्या तोंडूनच ऐकवा.

तुमच्या देवळाच्या दगडाबद्दलही सांगायला विसरू नका. तुमच्या रिसॉर्टच्या भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या आहेत, गावातली घरं जांभ्याची आहेत, पायाखालचा सडा, म्हणजे सपाट कातळही जांभ्याचाच. जांभा सच्छिद्र असतो, त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. मग देऊळ काळ्या पाषाणाचं कसं? तो दगड कुठून आणला, कसा आणला, खाडीमार्गे की डोंगरातून? हे प्रश्न पाहुण्यांसमोर नुसते ठेवा. समुद्राकडे तोंड करून निवांत बसलेल्या माणसाला असे प्रश्न संध्याकाळी पुरतात.

धोक्यांबद्दल आता. रत्नागिरीच्या कातळावर आणि दगडांच्या ढिगाऱ्यात फुरसं (साप) सर्रास असतं. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट, पानांत सहज न दिसणारं आणि विषारी. पडक्या देवळाच्या दगडांतल्या फटी म्हणजे त्याच्या हक्काच्या जागा. कोणीही फटीत हात घालायचा नाही, उंबऱ्यापलीकडे न बघता पाय टाकायचा नाही, पडलेला दगड उचलून खाली काय आहे ते बघायचं नाही. हे निघण्याआधी सांगायचं, तिथे पोचल्यावर नाही. चपला काढण्याची जागा सांगणाऱ्याने आधी बघून, झाडून घेतलेली असावी, आणि त्या जागेपासून देवळापर्यंत काथ्याच्या पायपुशा अंथराव्यात. उन्हाळ्यात पाय भाजत नाहीत आणि नजर खाली राहते. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काही करायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे याची खात्री दर महिन्याला फोन करून घ्या. गाडी आणि ड्रायव्हर फेरी संपेपर्यंत देवराईच्या तोंडाशीच थांबलेले हवेत.

शिखराच्या खोबणीत किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जायचंच नाही, धूर नाही, ड्रोन तर अजिबात नाही. पावसाळ्यात, जिल्ह्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो तेव्हा, पायऱ्यांवरचं शेवाळ बर्फासारखं निसरडं होतं. जूनअखेरपासून दसऱ्यापर्यंत वयस्कर पाहुण्यांना पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून नेऊ नका. पण पावसातली देवराई खूप सुंदर असते, म्हणून धडधाकट पाहुण्यांसाठी, चांगल्या बुटांसह, लहान गटाने ती फेरी जरूर ठेवा. एका वेळी आठापेक्षा जास्त माणसं नकोत. हे पावसाळ्यापुरतंच नाही, बारा महिने.

शेवाळावरून आठवलं. देवळाला ‘स्वच्छ’ करायचा उत्साह कोणालाही येऊ देऊ नका. तारेचा ब्रश, ॲसिड, प्रेशर पंप, सिमेंटची डागडुजी, ऑइल पेंट, या सगळ्यांनी कोकणातली कितीतरी देवळं कायमची बिघडली आहेत, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने. दगडांतून गेलेली पिंपळाची मुळंसुद्धा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तोडू नका, काही ठिकाणी त्या मुळांनीच भिंत धरून ठेवलेली असते. तुम्ही करण्यासारखं काम म्हणजे वाटेवरचं प्लॅस्टिक उचलणं, पावसाचं पाणी देवळाकडे न येता बाजूने वाहून जाईल असा चर गावाच्या संमतीने मोकळा ठेवणं, आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून बाहेरचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, धड ठेवणं. पुरे.

एखादं सुटं शिल्प किंवा वीरगळ लॉबीत आणून ठेवावा असं आर्किटेक्ट सुचवेल. नाही म्हणा. 1972 च्या पुरावशेष कायद्याने अशा जुन्या शिल्पांना संरक्षण आहे, हा एक भाग. दुसरा असा की वीरगळ कोणाच्या तरी पूर्वजाचा आहे, तो हलवला तर गाव तुम्हाला कधीही माफ करणार नाही. लॉबीत हवी असेल तर देवळाची मापं घेऊन केलेली चांगली रेखाचित्रं लावा.

कायद्याचं ओझरतं सांगतो, कारण इथे वकिलाचं काम आहे. प्रथम सातबारा काढा. जागा देवस्थान इनाम आहे, गावकीची आहे, वनखात्याची की खाजगी, ते कळू द्या. देऊळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर राज्याचा 1960 चा कायदा. कुठल्याच यादीत नसेल, आणि कोकणातली बहुतेक जुनी देवळं तशी असतात, तर जबाबदारी उलट वाढते, कारण तिथे गावाशिवाय राखणारं कोणी नसतं. समुद्राच्या बाजूला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचं बंधन, तुम्ही बांधकामाच्या वेळी पाहिलंच असेल. किनाऱ्याकडचे प्रखर दिवे मात्र अजूनही कमी करता येतील. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. दिवे मंद केले की पाहुण्यांना आकाशही दिसतं.

आता खाणं. माझ्या मते पाहुण्याच्या लक्षात राहणारा अर्धा अनुभव इथे आहे. देवळाची फेरी झाली की परत रिसॉर्टच्या बुफेकडे आणू नका. वाटेवरच्या वाडीत, बचत गटातल्या बायकांकडून एखाद्या घराच्या पडवीत न्याहारी ठेवा: घावन आणि नारळाचा रस, किंवा उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला पापड आणि लोणचं, हंगामात ओल्या काजूची उसळ. मोजके पदार्थ, गरम, समोर केलेले. पाणी तुमचं द्या, भांडी आणि स्वच्छतेचं प्रशिक्षण तुमचं, अन्न परवान्याची नोंदणीही तुम्हीच करून द्या. पैसे मात्र थेट गटाच्या खात्यात, दर आठवड्याला, थकवायचे नाहीत. आणि त्या बायकांना युनिफॉर्म देऊ नका. घरात आलेल्या पाहुण्याला वाढतात तसं त्यांना वाढू द्या. एक वयस्कर पाहुण्या बाई, गटातली बाई तव्यावर घावन कसं उलटते ते बघता बघता स्वतःच चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या. दोघींची भाषा एक नव्हती, पण तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. तुमच्या शेफने कितीही सुंदर थाळी मांडली तरी हे होत नाही. शेफचं कौशल्य रात्रीच्या जेवणाला दिसू द्या, तिथे सुरमई, तिसऱ्या, सोलकढी सगळं येऊ द्या. फक्त एक पथ्य: ज्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी पूजेला बसायचं असेल त्यांना आदल्या संध्याकाळी मांसाहाराबद्दल गुरवांचा काय नियम आहे तो सांगून ठेवा. निर्णय त्यांचा.

पूजेवरून आणखी एक. भाविक पाहुणे भग्न मूर्तीला अभिषेक करायचा म्हणतील, दूध ओततील, कुंकू फासतील. हे ठरवण्याचा अधिकार तुमचा नाही, गुरवांचा आणि मानकऱ्यांचा आहे. त्यांच्याशी बोलून एक रीत ठरवा. बहुतेक ठिकाणी फूल आणि बेल वाहायला हरकत नसते, बाकीचं गावातल्या पुजल्या जाणाऱ्या ग्रामदेवतेच्या देवळात.

शिमग्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुमच्यासाठी वर्षातला सगळ्यांत महत्त्वाचा काळ तोच आहे. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते तेव्हा तुमच्या फाटकाशी ती येते का? येत नसेल तर गावाने अजून तुम्हाला घर धरलेलं नाही. मानकऱ्यांना रीतसर विचारा, आली तर अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटी भरून स्वागत करा. पाहुण्यांना बाजूला उभं राहू द्या, कोणाला खांदा द्यायचा असेल तर मानकरी सांगतील तसं. पण ‘पाहुणे साडेसहाला जमतील तेव्हा पालखी नाचवा’ असं कधीही म्हणू नका. पालखी तिच्या वेळेला येईल, रात्री दोनला आली तरी. त्या वेळी जागे राहिलेले पाहुणे पुढच्या वर्षी त्याच तारखांना खोली मागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. नमन-खेळे, जाखडी या लोककलांचंही तसंच: गावात होतात तिथे पाहुण्यांना न्या, तुमच्या लॉनवर त्यांचा तुकडा कापून आणू नका.

लग्नाआधीच्या फोटोशूटची विनंती येईलच. देवळाच्या बाहेर, कपडे तिथे न बदलता, दगडांवर न चढता आणि गावाने ठरवलेली देणगी गावाला थेट देऊन, एवढ्यावर भागत असेल तर हो. नाहीतर तुमचा समुद्रकिनारा आहे.

तीन-चार रात्री राहणाऱ्यांसाठी बाहेरची एक फेरी ठेवा, एका दिवसात एकच. कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर मंदिर बघण्यासारखं आहे. काळ्या दगडातलं, कोरीव छतांचं, आणि आसपास आणखी जुन्या देवळांचे अवशेष. मात्र जाणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या मनात कसबा म्हटल्यावर आधी दुसरंच येतं: 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले ते इथेच. तिथे सांगणाऱ्याने नाटकी बोलू नये. थोडं सांगावं आणि लोकांना आपापलं उभं राहू द्यावं. देवळाचं कोरीवकाम त्याच्या आधी दाखवावं, नंतर कोणाचं लक्ष लागत नाही.

कातळशिल्पांसाठी उक्षी तुम्हाला जवळ पडेल, तिथला हत्ती गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन जपला आहे. कशेळीचा हत्ती त्याहून खूप मोठा, पण त्यासाठी पूर्ण दिवस काढा, म्हणजे तिथलं कनकादित्याचं सूर्यमंदिरही निवांत होईल. ही दोन्ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कातळावर सावलीचं झाड नसतं, म्हणून तिथेही सकाळीच, छत्री आणि पाणी घेऊन. दापोलीकडून येणारे पाहुणे असतील तर त्यांना वाटेत पन्हाळेकाजीची लेणी सुचवा. कोटजाईच्या काठची ती 29 लेणी, बौद्धांपासून नाथपंथापर्यंतच्या खुणा एकाच रांगेत दाखवणारी, फारशी गर्दी नसलेली. सगळं एकाच दिवसात कोंबलेलं पॅकेज करू नका. पाहुणा गाडीत झोपतो आणि संध्याकाळी त्याला एक देऊळ दुसऱ्यापासून वेगळं आठवत नाही.

हे सगळं दिवाळीच्या हंगामाआधी बसवायचं असेल तर सुरुवात गुरवांच्या घरापासून करा. मॅनेजरला पाठवू नका, मालक म्हणून तुम्ही स्वतः जा, नारळ घेऊन जा. त्यांनी सांगितलं तर गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीला बसा. तिथे आधी ऐका: देवळाचे वर्षातले दिवस कोणते, त्या दिवशी पाहुणे चालतील का, कुठवर जायचं, फोटो कशाचे चालतात. ते एका कागदावर उतरवून, त्यांना वाचून दाखवून, तुमच्या प्रत्येक खोलीत ठेवा. सांगणारा माणूस कोण असावा हेही त्यांनाच विचारा, नाव बहुधा तिथेच निघेल. पैशांचा, जेवणाचा आणि शूटिंगचा विषय मात्र पहिल्या बैठकीत काढू नका.